खुर्च्या

टोलेडोत उणे अकरा. मॉमी नदी रात्रीच थिजली.
आमच्या डायलिसिस सेंटरात बारा खुर्च्या,
बाराही भरलेल्या.
नवा राष्ट्राध्यक्ष येणार म्हणून
रक्त एक दिवस थांबत नाही.

टीव्हीवर पांढऱ्या पायऱ्या, घोंगड्या घेऊन बसलेली मोठी माणसं,
आणि सकाळीच रिमोटवरून वाजलं.
चार नंबरचे थर्मन ग्रिग्ज म्हणाले,
"मोठा कर, माझा माणूस आहे."
सातच्या मिसेस विष्नेव्स्की म्हणाल्या,
"बंद कर. माझं बीपी शेवटी तुलाच मोजायचंय."
मी तोडगा काढला: भाषणं मुकी, वाद्यं मोठ्यानं.
दोघंही सारखेच चिडले,
म्हणजे निवाडा बरा झाला असावा.

बँड सुरू झाला.
लाल कोट, पितळ, तोंडातोंडातून वाफा.
दुसऱ्या रांगेत क्लॅरिनेटवाली एक पोरगी,
बोटं कापलेले हातमोजे घातलेली.
आणि मला बाबा ऐकू आले.

मिरजेच्या ब्रास बँडमध्ये सव्वीस वर्षं
त्यांनी दुसऱ्यांच्या वराती पुढे नेल्या.
म्हणायचे, माघातली लग्नं वाईट,
गारठ्यात क्लॅरिनेट उतरतं
आणि नवरदेवाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं.
दोन गाण्यांच्या मध्ये ते वाद्य काखेत धरून बसत,
आजारी कोंबडीला धरावं तसं.

पोरीचंही उतरलं होतं. केसभर.
ते एकटीला मलाच कळलं,
की सगळ्यांना कळलं आणि कुणी बोललं नाही?
वरातीत कोण बोलतं.

मग हात वर. पुस्तकावर दुसरा हात.
पस्तीस शब्दांची शपथ, आवाज बंद.
खालच्या पट्टीवर अक्षरं उशिरा येत होती,
त्याचे ओठ मिटल्यावरही शब्द चालूच.
माझी शपथ याहून लांब आहे, मी वाचून पाहिलीय.
मुलाखतीची तारीख अजून यायची आहे.
इकडे बरोबर बाराला राज्य बदलतं.
बारा वाजणं म्हणजे आमच्याकडे काय,
ते मी कुणाला समजावत बसले नाही.

भाषण लांबलं.
नऊ नंबरचं मशीन ओरडलं, नळीला पीळ पडला होता.
नळी सरळ केली, आकडा खाली यायची वाट बघत उभी राहिले,
तेवढ्यात राष्ट्रगीत.

ग्रिग्ज उठायला गेले.
"बसा, सुया हलतील," मी म्हटलं.
डावा हात मशीनला दिलेला,
उजवा त्यांनी छातीवर नेला, तोही घोंगडीखालून.
मिसेस विष्नेव्स्कींनी तोंड खिडकीकडे फिरवलं,
पण काचेत त्यांचे ओठ हलताना दिसत होते.
बारा खुर्च्या, बारा मागे रेललेली माणसं,
प्रत्येकाचं रक्त दाराबाहेर जाऊन परत घरी येतंय,
आणि खोलीत उभं कोण, तर मी.
मी उभीच असते. दहा तास. नोकरीच तशी.

ग्रिग्ज हळूच म्हणाले, "थँक यू, व्ही."
वैजयंतीतलं एवढंच अक्षर त्यांना झेपतं.
मी आकड्यासाठी थांबलेय, हे सांगणार होते.
पण आकडा तर केव्हाच खाली आला होता,
आणि माझ्या टाचा जुळलेल्या होत्या,
पी.टी.च्या खोत सरांनी छडीनं जुळवल्या होत्या तशा,
दुसऱ्या एका गाण्यासाठी.

शेवटचा सूर लांबवताना
ती पोरगी पुन्हा जराशी उतरली.
काखेत धर गं, मी म्हटलं. मराठीतच.

"काय म्हणालीस?" सात नंबरनं विचारलं.
काही नाही. तुमचा अजून एक तास दहा मिनिटं.
"आणि त्याची?"
टीव्हीकडे बोट न दाखवताच त्यांनी विचारलं.
चार वर्षं, म्हणाले ग्रिग्ज.
मी दोघांच्या घोंगड्या
पायांपर्यंत नीट ओढल्या.